तोंडांचा तक्ता

आमच्याकडे एकूण तोंडं आठ.
मिटलेलं : म, प, ब.
उघडं : आ.
चंबू, ऊ आणि ओ दोन्हीला तेच.
दात दाखवणारं : ई.
खालचा ओठ दातांखाली : व.
टाळ्याला जीभ : ल.
एक हसरं.
आणि एक नुसतं वाकडं, ते कशालाही चालतं.

राजारामपुरी, झेरॉक्सच्या दुकानावरची खोली.
आवाज कोंडायला भिंतीला जुन्या गाद्या ठोकल्यात.
केबलवर शनिवारी रात्री साडेनऊला
आमचं 'तोंडदेखलं', अकरा मिनिटं,
त्यातली तीन म्हशीच्या पेंडीची जाहिरात.

मी काढते, इलाही मुजावर बोलतो.
दिवसभर तो पापाच्या तिकटीला चपलांसाठी मापं घेतो.
म्हणतो, मानूस पायावरनं कळतोय,
आवाज काय, कोनबी काढंल.
आणि काढतो :
कारखान्याचे चेअरमन आबा ढमाले,
पोट आधी फ्रेममध्ये येतं, मग आबा.
मोरओहोळ संस्थानचे श्रीमंत सरकार,
संस्थान गेलं, फेट्याचा तुरा राहिला,
तो मी वेगळ्या लेयरवर ठेवलाय,
सरकार झोपले तरी तुरा मुजरे घेत असतो.
आणि नटी शर्वाणी,
जिचं बालपण जिथं उद्घाटन असेल तिथं गेलेलं असतं.

सगळ्यांना तोंडं तीच आठ.
एकदा घाईत आबांचे तंबाखूचे दात
सरकारांच्या मिशीखाली बसले. तसंच गेलं.
एकच फोन आला, गंगावेशीतून :
"आज सरकार मनातलं बोलल्यागत वाटलं ओ."

ज्यांच्यावरनं आबा काढले, त्या खऱ्या चेअरमनांची
दोन माणसं एकदा जिना चढून आली.
इलाही गादीच्या भिंतीला पाठ लावून उभा.
त्यांनी चहा घेतला, बशीत ओतून, सावकाश.
मग एक म्हणाला,
"सायबांचं म्हननं, प्वाट जरा कमी काढा.
शुगर झालीया. आता तेवढं ऱ्हायलं न्हाई."
मी दोन बोटं पोट पुसलं.
लबाडीला हात लावला नाही.

दिवाळीनंतर साहेबांना झटका आला.
पेपरात फोटो : व्हीलचेअर, शाल,
आणि ओठ, डावीकडं ओघळलेला.
मी तक्त्याकडं पाहिलं.
आठवं.
रेषेला रेष. चार वर्षांपूर्वी मीच काढलेलं,
सरकारांच्या ढेकरेला वापरलेलं,
शर्वाणीच्या रडण्याला,
कशालाही.

त्या शनिवारी जुना भाग लावला. पुढच्याही.
तिसऱ्या सोमवारी बाईंचा फोन आला.
मला वाटलं, आता ऐकावं लागणार.
"बंद का केलं?" म्हणाल्या.
"डॉक्टरीण येते, आरसा धरून म, प, ब म्हणायला लावते.
तिच्यावर वस्सकन ओरडतात.
तुमचं ते टीव्हीवरचं बोलायला लागलं
की मात्र ह्यांचे ओठ हलतात.
पण ते लई भरभर बोलतंय ओ."

इलाही बराच वेळ माइकची वायर गुंडाळत बसला.
मग म्हणाला, लिही.
नवा भाग लिहिला : वजनकाट्यावर आबा,
समोर ट्रॉलीभर ऊस, मागं रांग.
म, प, ब शोधून शोधून घातले.
माप. पाप. बापाचा माल. पंप. बंब.
"माझ्या बापाचं माप, पापाचं कसं म्हणता?"
काटामारी तीच ठेवली.
गेटकेनवाल्यांच्या शिव्याही.
फक्त मिटलेल्या ओठाला दोन फ्रेम असायच्या,
तिथं नऊ दिल्या.
आठवं तोंड तक्त्यावरनं पुसलं,
तिथं आता खोडरबराचा डाग आहे.

रविवारी सकाळी फोन वाजतच होता.
"काय ओ, आबा प्याल्यावानी बोलतंय?"
"तुमची केबल अडकतीया का?"
इलाही दुकानात होता,
कुणाचा तरी अंगठा पुठ्ठ्यावर दाबून
भोवतीनं पेन्सिल फिरवत.
मी सगळ्यांना सांगितलं,
होय, जरा अडकतीय.